चौदा फुटी कमान

१७ एप्रिल

कंटेनर आला! आणि गावच्या कमानीत अडकला!

ही दोन वाक्यं एकाच दिवशी लिहावी लागतील असं सकाळी वाटलं नव्हतं. सकाळी मी ठेवणीतली कोसा रेशमाची साडी नेसले होते. गुलनारनं शेडच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. बाया हळदीत काम करून एरवीही पिवळ्याच, आज वर गजरे माळून आल्या होत्या. आमच्या कारखान्याचा (आमचे हे, नीळकंठराव, अजून 'तुमची चक्की' म्हणतात) पहिला माल परदेशी निघाला होता. रॉटरडॅमला! मी आणि गुलनार, एक रिटायर्ड अव्वल कारकून आणि एक मसालेवाल्याची लेक, आणि आमची हळद जहाजात बसणार होती.

फाट्यापासून पोरं गाडीमागं पळत आली. गावात शिरताना, ऐन कमानीखाली ड्रायव्हरनं ब्रेक मारला. उतरला. वर पाहिलं. केबिनवर चढून परत पाहिलं. मग मला म्हणाला, "मॅडम, ये नहीं जाएगा."

मी म्हटलं, न जायला काय झालं, चौदा फूट उंची आहे, तुमच्या ऑफिसला तसं लेखी कळवलंय. आणि बोट दाखवलं. खांबावर तांबड्या रंगात स्पष्ट लिहिलंय — 'उंची १४ फूट'. त्यानं टेप काढून मोजलं. साडेबारा!

सरदारभाईंनी, म्हणजे गुलनारच्या नवऱ्यानं (फाट्यावर त्यांचं गॅरेज आहे) चाकांची हवा सोडून पाहिली. बोटभर जागा मिळाली, हवी होती हातभर. मागचा रस्ता नाल्याच्या पुलावरून, आणि त्या पुलावर रिकामा ट्रॅक्टर चढला तरी लोक श्वास धरतात. शेवटी ते धूड उलटं फाट्यापर्यंत नेता नेता दुपार झाली. गाडी रिकामी परत गेली. नागपूरहून आलेला तपासनीसही चहा पिऊन परत गेला.

तोरण गुलनारनंच सोडून ठेवलं.

१८ एप्रिल

दीड फूट सापडला! रस्त्यात आहे!

सकाळी ओट्यावर चहा घेताना एकदम लक्षात आलं. आमच्या ओट्याला पूर्वी तीन पायऱ्या होत्या. आता ओट्यावर बसलं की पाय सरळ रस्त्यावर टेकतात. पायऱ्या कोणी काढल्या? कोणीच नाही. रस्ता वर आला!

बळीराम पाटील सरपंच होते तेव्हा त्यांनी ही कमान बांधली. त्या वेळी खाली डांबरी रस्ता होता आणि उंची खरंच चौदा फूट होती. मग त्यांनीच डांबरावर सिमेंट ओतलं. पुढे सेवादास राठोड निवडून आला, त्यानं बळीरामच्या सिमेंटवर आपलं सिमेंट ओतलं आणि बळीरामचा फलक काढून आपला लावला. मागच्या निवडणुकीआधी त्यानं आपल्याच सिमेंटवर आणखी एक थर दिला. जुनं उकरून नवं घालावं असं कोणाच्या मनात आलं नाही. उकरण्याचं उद्घाटन होत नाही ना!

आणि मी? तीस वर्षं तहसीलीत काढली. लिहिलेलं दिसलं की खरं मानायची सवय. खांबावरचा आकडा पाहिला आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना कळवून मोकळी झाले. टेप लावायचं सुचलं नाही. स्वतःचा इतका राग आला की नीळकंठरावांवर ओरडले. ते बिचारे भाजी निवडत होते.

१९ एप्रिल

रॉटरडॅमचं उत्तर आलं. पत्रव्यवहार साद बघतो. गुलनारचा मुलगा, वय पंचवीस, बोलणं पन्नाशीतल्या माणसासारखं. त्यानं मराठीत समजावलं. पुढचं जहाज धरायचं तर चार मे रोजी कंटेनर भरून निघालाच पाहिजे. नाही निघाला तर ही ऑर्डर आणि पुढच्या वर्षीचा करार, दोन्ही दुसऱ्याला.

मी म्हटलं, टेम्पोनं पोती फाट्यावर नेऊ आणि तिथं भरू. साद म्हणाला, नाही चालत. खाण्याचा माल आहे. ज्या जागेची नोंद आहे त्याच जागेत, तपासनिसासमोर भरायचा आणि तिथंच सील करायचं. एकदा उघड्यावर उतरवला की त्यांच्या लेखी तो आपला माल राहिला नाही.

बरोबरच आहे म्हणा. मीही असाच नियम केला असता.

मग गुलनार बोलली. चक्कीचा पट्टा पुसत होती, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "रत्नाताई, चार तारखेले गाडी नाही निघाली तं मी जूनमधी आदिलाबादले शेड घेऊन घेते. सादनं पाहून ठेवली. दारातच ट्रेलर वळते म्हणते."

शेड घेईल. गुलनार बोलली ते करते.

तिच्याशिवाय इथं काय उरणार? चक्की मी फिरवू शकते. पण चिमूटभर हळद तळव्यावर चोळून हिच्यात ओल आहे, हिला परत वाळवा, असं सांगणारी तीच. आणि वीस-बावीस बाया. त्या काय रोज आदिलाबादला जाणार? आणि खरं सांगू का — मला गुलनार हवी आहे. शेजारी. दुपारच्या डब्याला.

२१ एप्रिल

सेवादासकडे गेले. सरपंच आहे, कोपरापासून हात जोडतो, खुर्ची देतो. म्हणाला, काकू, तुमचा माल परदेशात चालला, आमची छाती फुगली. मी म्हटलं, छाती राहू द्या, कंटेनर जाऊ द्या. तर म्हणतो, कमान पाडा. कमान बळीरामची आहे!

तिथून बळीराम पाटलांकडे. ते म्हणाले, रस्ता फोडा. रस्ता सेवादासचा आहे! "कमानीवर माह्या मायचं नाव हाय. पाडून तं पाहा म्हणा."

कमानीवर 'कै. रुखमाबाई स्मृती प्रवेशद्वार' असं लिहिलंय. हे सांगत होते तेव्हा रुखमाबाई आतल्या खोलीत लसूण सोलत होत्या. त्यांच्या नावाआधी 'कै.' कसं लागलं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. निधी मार्चअखेर खर्चायचा होता आणि मंजुरी स्मृतिद्वाराला होती. बळीरामनं आईला विचारलं. ती म्हणाली, लाव लेका, तसंही एक दिवस लागणारच हाय.

२२ एप्रिल

नीळकंठराव म्हणाले, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. बसले.

२४ एप्रिल

तालुक्याला जाऊन आले. बांधकामाच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रक्रिया सांगितली. आधी ठराव, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा. पावसाळ्यानंतर बघू म्हणाले. मी स्वतः तीस वर्षं लोकांना हेच सांगत आले, याच आवाजात. टेबलाच्या या बाजूनं ते किती भयंकर ऐकू येतं!

येताना गाडीत बसून विचार करत होते. या हळदीसाठी आम्ही काय काय नाही केलं! शिसं तपासलं, बुरशी तपासली, फवारणीचा अंश तपासला. दोन देशांच्या प्रयोगशाळा खूश झाल्या. जगाच्या पाठीवर आमच्या हळदीला कोणी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं ते आमच्या वेशीनं. साद म्हणतो बाजार म्हणजे जग. म्हणेना! आमच्या बाजाराचं दार मात्र बळीराम आणि सेवादास यांच्या मधोमध आहे, आणि ते साडेबारा फूट आहे.

२६ एप्रिल

आज गुलनारवर चिडले. म्हटलं, एक मेला ग्रामसभा आहे, तू ये, आपण दोघी उभ्या राहू. तर म्हणाली, नको. लग्न होऊन या गावात आली त्याला तीस वर्षं होतील, एकदाही ग्रामसभेला गेली नाही! मी म्हटलं, मग हे गाव तुझं कसं?

बोलून गेले. बोलायला नको होतं.

ती चिडली नाही. म्हणाली, "आमचे गावात दोन घरं. मी एका पार्टीत बसली का दुसऱ्या पार्टीवाला सरदारच्या गॅरेजात गाडी आनत नाही. मंग कायले जाऊ? तुम्ही रिटायर साहेबीन हा, तुम्हाले कोनी काई म्हनत नाही."

तिनं डब्यातला शेवटचा कबाब माझ्या ताटात टाकला आणि आम्ही जेवलो.

२८ एप्रिल

सापडलं सापडलं सापडलं!!

संध्याकाळी ग्रामपंचायतीचा चपराशी आला, उकंडा. दारातूनच म्हणाला, काकू, सही द्या. कसली? महिला सभेची. दर ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते, कायदाच आहे. आमच्याकडे ती अशीच होते — उकंडा रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतो, चुलीपाशी बायांच्या सह्या-अंगठे घेतो आणि सभा 'खेळीमेळीच्या वातावरणात' पार पडते. मीही दर वेळी करते सही. आजही पेन हातात घेतलं होतं. वर तारीख पाहिली. ३० एप्रिल, सकाळी अकरा.

परवा! म्हणजे सभा अजून व्हायची आहे!

आणि त्या सभेत बायांनी जो ठराव केला तो ग्रामसभेपुढं ठेवावाच लागतो. ठेवावाच! हा नियम मी किती जणांना तोंडपाठ ऐकवला असेल. पण तो बायांनी कधी वापरायचा असतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मी उकंडाला म्हटलं, सही सभेत करते. तो म्हणाला, "कोनत्या सभेत?" मी म्हटलं, परवाच्या. तो इतका घाबरला की रजिस्टर विसरून गेला. नंतर येऊन घेऊन गेला.

२९ एप्रिल

पाय दुखतायत, पण काय दिवस गेला! सकाळपासून घरोघरी. मी कंटेनरचं सांगायला जायची आणि बाया मला उंबरठा दाखवायच्या.

कोणाला रॉटरडॅमचं घेणं नाही. पण रस्ता वर आला तसे उंबरठे खाली गेले. पाऊस पडला की रस्त्यावरचं पाणी सरळ घरात. कमानीपासून हातपंपापर्यंत एकही घर सुटलं नाही. बाया दारात मातीची पाळ घालतात, पोती लावतात, चूल उचलून खाटेवर ठेवतात. पाच वर्षं चाललंय! मी विचारलं, कोणाला सांगितलं नाही? एक म्हणाली, आमच्या घरचेच म्हनते, सिमेंट रस्ता आला तं तुले पोटात दुखते का.

म्हणजे आम्हाला जो दीड फूट पाहिजे तोच त्यांना पाहिजे!

सगळ्यात जास्त पाणी कोणाच्या घरात शिरतं? सरपंचाच्या! सेवादासचं जुनं घर सखल जागी आहे. त्याची बायको झमकूबाई मला हळूच म्हणाली, मागच्या वर्षी गव्हाची कोठी भिजली, यांनी कोनाले सांगू नको म्हटलं, आपलाच रस्ता हाय म्हने.

३० एप्रिल

सभा झाली! खरी! खुर्च्या कमी पडल्या, बाया खाली बसल्या, ग्रामसेवक दाराशी घाम पुसत उभा. महिला सभेत महिला पाहायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली असावी.

मी बोलायला उभी राहिले. रात्री तयारी केली होती. 'सदर रस्त्याच्या वारंवार पुनर्पृष्ठीकरणामुळे...' इथपर्यंत बोलले आणि पुढच्या रांगेतली एक बाई जांभई द्यायला लागली. मग मधेच भांडण जुंपलं. सेवादासकडच्या बाया म्हणाल्या, आमचाच रस्ता काहून फोडता, कमान पाडा. बळीरामकडच्या उठल्या. घरी नवऱ्यांचं भांडण ऐकून ऐकून यांनाही तेच पाठ! मी टेबल बडवते आहे, कोणी ऐकत नाही. वाटलं, संपलं. उद्याचा दिवस आणि चार तारीख, सगळं संपलं.

तेव्हा मागून आवाज आला. गुलनार! कधी आली, कधी शेवटी भिंतीला टेकून बसली, मला कळलंच नव्हतं. उठली नाही, बसूनच बोलली. मोठ्यानंही नाही. "रस्ता कोनाचा ते कायले पाहता? कमानीवरून नका मोजू. आपापल्या उंबरठ्यावरून मोजा. घरात पानी नाही आलं पाहिजे. तेवढा खाली घ्या. मंग त्यात ज्याचं सिमेंट निघन त्याचं निघन."

भांडणाऱ्या बाया खाली बसल्या. इतकं साधं! मी दोन आठवडे कमानीवरून मोजतेय आणि ही उंबरठ्यावरून मोजते!

झमकूबाई उठली. सरपंचाची बायको! म्हणाली, माझ्या घरचं पाणी मला माहीत आहे, ठराव मी मांडते. आता अनुमोदन हवं होतं. रुखमाबाई नातसुनेचा हात धरून आल्या होत्या. झमकूबाई त्यांच्याकडं वळून म्हणाली, "याडी, तू बोल." लमाण बाईनं पाटलाच्या आईला आई म्हटलं, आणि रुखमाबाईंनी काठी वर केली. "लिहा माहं नाव. अन् त्या आधी कैलासवासी नोका लावू."

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. ग्रामसेवकसुद्धा हसला.

ठरावाचा मजकूर मी लिहून दिला. माझं जांभईचं मराठी शेवटी इथं कामी आलं! 'रस्ता फोडणे' असं कुठंही लिहिलं नाही. लिहिलं — 'घरांचे उंबरठे व प्रवेशद्वाराची मूळ उंची श्रमदानातून पूर्ववत करणे.' म्हणजे सेवादासचा रस्ता फुटत नाही, बळीरामची कमान पडत नाही, आणि श्रमदान म्हटलं की निविदा नाही.

१ मे

झेंडावंदन, मग ग्रामसभा. बाया आल्या! एरवी पुरुषांच्या मागं चार-दोन असतात. आज पुरुषांना जागा नव्हती.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. सेवादास म्हणाला, भावना चांगल्या आहेत, पण वरून परवानगी घ्यावी लागेल. बळीराम पाटील गालात हसत होते. कोणीतरी त्यांना सांगितलं, ठरावात तुमचाही थर निघतो. हसू गेलं. लगेच म्हणाले, तसं पाहता परवानगी पाहिजेच. पाच वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं!

सेवादासनं विचारलं, ठराव मांडला कोणी? नाव वाचायच्या आधीच झमकूबाई उभी राहिली. त्यानं बायकोकडं पाहिलं, मग समोरच्या सगळ्या बायांकडं. निवडणूक या वर्षी आहे. हिशेब त्याला कळतो. नुसता बायकोला घाबरला असं मी म्हणणार नाही, पण रात्री जेवायचंही होतं.

एकदम माइक ओढला आणि म्हणाला, आपल्या गावची हळद सातासमुद्रापार नेण्यासाठी ही ग्रामपंचायत, माझ्या कार्यकाळात, ऐतिहासिक निर्णय घेत आहे! टाळ्या. बळीराम मागं कसे राहतील? ते म्हणाले, माझ्या मातोश्रींच्या कमानीला मूळ उंची मिळते आहे, मी स्वतः जेसीबी देतो! आणखी टाळ्या.

घ्या बाबांनो, सगळं श्रेय घ्या. पावती पाहिजे तर लिहून देते. इतिवृत्तात दोघांचीही नावं मोठी घातली, सेवादासची आणि बळीरामची, मोजून सारख्या शब्दांत. नोकरीत शिकले ते एवढंच, की माणसाला कागदावर त्याची जागा दिली की तो वाटेतून बाजूला होतो.

२ मे

फोडायला लागले! सकाळी सहापासून ब्रेकरचा आवाज, सगळ्या गावात धूळ. सेवादासनं नारळ फोडला. दुसरा बळीरामनं.

वरचा थर तासाभरात निघाला. खालचा त्याहून कच्चा. बाया घमेल्यांनी मलबा नाल्याच्या पुलाकडे टाकतायत. गुलनारनं आज कारखाना बंद ठेवला, सगळ्यांचा चहा तिच्याकडून.

साद मात्र बाजूला उभा. मला म्हणाला, मावशी, कंटेनर परत बोलावला आहे, पण मी शेडवाल्याला अजून नाही म्हटलेलं नाही. शहाणा आहे तो. मला त्याचा रागही येतो आणि पटतंही.

३ मे

खाली डांबर लागलं. अख्खा चांगला डांबरी रस्ता! तीन थरांच्या खाली, जसाच्या तसा. लोक बघायला येतायत. एक म्हातारा म्हणाला, यावरूनच माही वरात आलती.

माझ्या ओट्याच्या पायऱ्या सापडल्या! तिन्ही! नीळकंठराव तिसऱ्या पायरीवर बसून भाजी निवडतायत.

४ मे

गेला!!!

अकराला कंटेनर फाट्यावर. सरदारभाई गाडीपुढं उलटे चालत होते, दोन्ही हात वर. कमानीखाली आला तेव्हा सगळं गाव वर बघत होतं. केबिन गेली. कंटेनरचं तोंड गेलं. मधोमध वर कुठंतरी काहीतरी घासल्याचा आवाज झाला — ती कमानीला लटकलेली जुन्या झेंड्याची काठी होती. ड्रायव्हर तोच. उतरून हसला. त्यानं स्वतःच टेप लावला. चौदा! खांबावरचा आकडा परत खरा झाला.

दुपारभर भरणी. तपासनिसानं सील ठोकलं. निघताना बायांनी कंटेनरच्या दाराला हळदीचे हात उमटवले. तपासनीस नको नको म्हणत होता. साद म्हणाला, राहू द्या साहेब, तोच माल आहे.

गुलनार रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. मीही रडले, पण मी कशालाही रडते.

७ मे

गावात मला पोरं 'सरपंचीणबाई' म्हणून चिडवायला लागली. आज किराणा दुकानदारसुद्धा म्हणाला, या वेळी बायांची जागा निघाली तं तुम्हीच हा, काकू. मी म्हटलं, काहीतरीच! घरी येऊन नीळकंठरावांना सांगितलं. ते म्हणाले, अंगाला लावून घेऊ नका. मी घेतलंच नाही. फक्त कार्यालयात कपाट कुठल्या भिंतीला असावं याचा थोडा विचार केला.

१५ मे

गुलनार आदिलाबादला जाऊन आली. शेड पाहिली. चांगली आहे म्हणाली. वीज जात नाही, रस्ता रुंद, ट्रेलर दारात वळतो. मी विचारलं, मग इथलं काय?

म्हणाली, "एक गाडी निघाली, ताई. तुमच्यामुळं निघाली. पन पुढल्या निवडणुकीत कोनी परत सिमेंट ओतलं तं? दरवेळी सभा भरवायची का? मी धंदा करू का गाव सांभाळू?"

काय सांगणार? शेडवाल्याला महिनाअखेर सांगायचं आहे. मला झोप येत नाही. चिडचिड होते, आणि चिडायला समोर नीळकंठरावच असतात.

२० मे

रॉटरडॅमहून पत्र. जहाज अजून समुद्रात आहे, पण पुढची ऑर्डर आली! सहा कंटेनर! साद नाचला. पंचवीस वर्षांचा वाटला, प्रथमच.

गुलनार म्हणाली, सहासाठी तं शेड लागनच. कुठली, ते बोलली नाही. मी विचारलं नाही.

२३ मे

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली. आमचं गाव: सर्वसाधारण महिला. मी कोसा बाहेर काढून ठेवला. इस्त्रीसाठी. उगीच.

२४ मे

सकाळी बाया आल्या. पुढं रुखमाबाई, त्यांचा हात धरून झमकूबाई, मागं सगळी गल्ली. बळीराम आणि सेवादास यांच्या घरच्या बाया एका पायरीवर! मी कोसा नेसून बाहेर आले, चहा टाकायला सांगितला. रुखमाबाई म्हणाल्या, "चाय राहू दे. चपला घाल अन् आमच्या संगं चाल. गुलनारले उभं करायचं हाय, तुह्याशिवाय ते हो म्हननार नाही."

गेले. कोसा नेसूनच गेले.

गुलनारनं सगळं ऐकून घेतलं. हातातली हळद हातातच राहिली. मग आत वळून हाक मारली. "साद, आदिलाबादवाल्याले फोन लाव. शेड नाही पाहिजे म्हन."